जवळच्यांची नावं, घराचा पत्ता

गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यात, एखाद्या टोल्यावर साठी ओलांडलेल्या माणसाच्या ओसरीत गावची आरोग्य कार्यकर्ती आशाताई बसते, तेव्हा तिच्या मांडीवर एक छापील कागद असतो. त्याचं सरकारी नाव लांबलचक आहे. आशा त्याला सीबॅक फॉर्म म्हणतात. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा तो भरायचा आणि एका फॉर्ममागे दहा रुपये मिळवायचे. तंबाखू खाता का, दारू घेता का, कमरेचा घेर किती, खोकला किती दिवसांचा, असं विचारत ती म्हाताऱ्यांसाठी राखलेल्या प्रश्नांपाशी येते. चालताना तोल जातो का? रोजच्या कामाला कुणाची मदत लागते का? आणि मग: जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का?

डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, लवकर ओळखण्याच्या नव्या तंत्रांविषयी हल्ली बरंच छापून येतं. मेंदूत साचलेली प्रथिनं दाखवणारं स्कॅन, रक्ताची चाचणी, बोलण्यातल्या अडखळण्यावरून अंदाज बांधणारा संगणक. सती नदीच्या काठच्या या तालुक्यात, गावातल्या घरापर्यंत पोचलेलं तंत्र मात्र हा एक प्रश्न आहे. त्याला तंत्र म्हणायला काही हरकत नसावी. तोही कुणीतरी शोधून काढला, कुणीतरी तपासला, मध्येच बिघडला आणि पुन्हा दुरुस्त झाला. त्याला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्या इतिहासात गडचिरोलीचाही एक धागा मिसळतो.

सुरुवात जर्मनीत झाली. २५ नोव्हेंबर १९०१ रोजी फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. नवरा रेल्वेत कारकून. बायकोचा स्वभाव पालटला, ती विसरायला लागली, संशय घ्यायला लागली, रात्री ओरडायला लागली, म्हणून त्याने तिला आणून सोडलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर अलोइस अल्झायमर तिच्यासमोर बसला आणि प्रश्न विचारून उत्तरं जशीच्या तशी लिहून घेऊ लागला. तुमचं नाव? तिने सांगितलं. नवऱ्याचं नाव? तिने पुन्हा स्वतःचंच नाव सांगितलं. त्याने पेन्सिल, किल्ली अशा वस्तू दाखवल्या; तेव्हा तिने त्या ओळखल्या, पण थोड्या वेळाने काय काय दाखवलं होतं ते तिला आठवेना. कुठल्या रस्त्यावर राहता, हेही तिला सांगता येईना. आशाताईच्या कागदावरचा प्रश्न त्या खोलीत जवळपास तसाच विचारला गेला होता.

८ एप्रिल १९०६ रोजी ती वारली. अल्झायमर तोवर म्युनिकला गेला होता. मेंदू त्याने तिकडे मागवून घेतला. चांदीच्या क्षारांनी पेशी रंगवण्याची पद्धत तेव्हा नवी होती. त्या रंगात त्याला पेशींच्या बाहेर चकत्यांसारखे डाग दिसले आणि पेशींच्या आत गुंतलेल्या धाग्यांचे पुंजके. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ट्युबिंगनच्या सभेत त्याने हे सांगितलं. सभेला त्यात विशेष काही वाटलं नाही, चर्चाही झाली नाही. १९१० साली त्याचे वरिष्ठ क्रेपेलिन यांनी पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमरचं नाव दिलं. ऑगस्टेची मूळ फाइल हरवली होती, ती थेट १९९५ च्या डिसेंबरात फ्रँकफर्टमध्ये सापडली.

या पहिल्याच केसमध्ये आजाराची एक अडचण कायमची ठरून गेली. रोगी जिवंत असताना वैद्याच्या हाती फक्त प्रश्न, आणि पक्कं उत्तर मात्र मेल्यावर, सूक्ष्मदर्शकाखाली. पुढची सगळी धडपड हे अंतर कमी करण्याची आहे.

पहिला पूल १९६८ साली इंग्लंडात न्यूकॅसलला बांधला गेला. ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ या तिघांनी म्हाताऱ्या रुग्णांच्या घरच्यांना बारीकसारीक विचारलं. घरकाम जमतं का? पैशाचा हिशेब राहतो का? ओळखीच्या वाटेवर चुकतात का? कपडे स्वतः घालतात का? त्यातून प्रत्येकाचा एक आकडा काढला. माणूस गेल्यावर त्याच्या मेंदूतले डाग मोजले आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडले. ते एकमेकांशी जुळत होते. सुनेने किंवा नवऱ्याने सांगितलेली हकीगत मेंदूतल्या डागांचा अंदाज देते, हे तिथे पहिल्यांदा सिद्ध झालं. या कामाचं महत्त्व मला अल्झायमरच्या कामापेक्षा कमी वाटत नाही, पण त्याचं नाव सहसा कुणी घेत नाही.

१९७५ साली अमेरिकेत मार्शल फोल्स्टीन, सुसान फोल्स्टीन आणि पॉल मॅकह्यू यांनी तीस गुणांची, पाच-दहा मिनिटांत होणारी परीक्षा तयार केली आणि ती जगभर गेली. आज तारीख काय? आपण कितव्या मजल्यावर आहोत? शंभरातून सात वजा करा, उरलेल्यातून पुन्हा सात. या कागदावर लिहिलंय ते वाचा आणि तसं करा. एक वाक्य लिहा. हे दोन पंचकोन बघून तसेच काढा. पण ती कुरखेड्याकडच्या आजीसमोर ठेवून पाहा. तिने आयुष्यात पेन्सिल धरलेली नाही, तिच्या घराला मजला नाही, तिचा महिना रोवणी, कापणी आणि मोह यांवर चालतो. ती तल्लख असली तरी नापास होणार. शाळेत न गेलेला माणूस आणि स्मरण गेलेला माणूस यांतला फरक त्या कागदाला कळत नव्हता.

१९८४ हे साल या गोष्टीत तीन जागी येतं. कॅलिफोर्नियात ग्लेनर आणि वाँग यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांत साचलेलं प्रथिन वेगळं काढून त्याची रचना ओळखली. आज बीटा अमिलॉइड म्हणतात ते हेच. नव्या सगळ्या चाचण्यांची मुळं तिथे आहेत. त्याच वर्षी अमेरिकी तज्ज्ञांच्या समितीने अल्झायमरच्या निदानाचे निकष ठरवले. त्यांत ‘संभाव्य’ असं निदान जिवंतपणी करायची मुभा होती, ‘निश्चित’ म्हणायला मात्र मेंदूचा तुकडाच लागे. आणि त्याच वर्षी डॉ. सतीश गोगुलवार, शुभदा देशमुख आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’ ही संस्था सुरू केली. कुरखेडा हे तिचं ठाणं झालं. चांद्यापासून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा होता. २६ ऑगस्ट १९८२ हा त्याचा जन्मदिवस. जडीबुटीची जाण, बायकांचे गट, जंगलावरचा हक्क, अपंगांचं गावातच पुनर्वसन, असं या संस्थेचं काम पसरत गेलं. नावातच तिची भूमिका होती: आरोग्य डॉक्टरवर सोपवून मोकळं व्हायचं नाही.

दोन वर्षांनी, १९८६ मध्ये, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीत आले आणि ‘सर्च’ या संस्थेचं काम सुरू झालं. त्यांनी जे केलं ते बाळांसाठी होतं, म्हाताऱ्यांसाठी नाही. तरी इथे थोडं थांबावं लागतं, कारण निदान कुणी करायचं, या प्रश्नाचं नवं उत्तर या जिल्ह्यात त्यातून मिळालं.

लहान मुलं न्यूमोनियाने मरत होती. न्यूमोनिया ओळखायला क्ष-किरण लागत नाही; बाळ मिनिटाला किती श्वास घेतं हे मोजलं तरी बरंचसं कळतं. पण मोजणार कोण? गावातली दाई निरक्षर, मोठे आकडे तिला मोजता येत नाहीत. मग एक साधन तयार झालं. एका मिनिटाची वाळूची घटिका आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ठरावीक मण्यापर्यंत पोचलो तर बाळाला न्यूमोनिया आहे, औषध सुरू करायचं. पन्नास किंवा साठ हा आकडा दाईने मोजलाच नाही. तो मण्यांनी मोजला. या कामाने बालमृत्यू कमी झाले आणि १९९० साली ‘लॅन्सेट’ने ते छापलं. १९९९ मध्ये त्याच मासिकात घरोघरच्या नवजात बाळांच्या सेवेचा निबंध आला: प्रशिक्षण दिलेल्या गावातल्याच बायकांच्या हातून नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आलं होतं. २००५ नंतर देशभर आशा नेमल्या गेल्या आणि २०११ पासून नवजात बाळाच्या घरभेटी हे त्यांचं कामच झालं. आशाच्या पिशवीतलं बरंच काही असं गडचिरोलीच्या वाटेने देशात गेलेलं आहे.

मग म्हातारपणाकडे कुणाचं लक्ष का गेलं नाही? जिथे बाळ महिनाभर जगेल की नाही याची खात्री नव्हती, तिथे सत्तरीतला माणूस नातवाचं नाव चुकतो हे दुखणं वाटण्याचं कारण नव्हतं. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणायचं, म्हातारचळ लागला म्हणायचं, आणि ताटात पुन्हा भात वाढायचा. गडचिरोलीच नव्हे, सगळा देश त्या काळात असंच म्हणत होता.

हे नीट तपासलं गेलं ते हरियाणात. नव्वदच्या दशकात फरिदाबादजवळ बल्लभगडच्या खेड्यांत भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी ५५ वर्षांवरची पाच हजारांहून अधिक माणसं तपासली. त्यांतली सुमारे तीन चतुर्थांश निरक्षर होती. विजय चंद्रा, मेरी गांगुली, राजेश पांडव ही या कामातली मुख्य नावं. फोल्स्टीनची परीक्षा त्यांनी उसवून पुन्हा शिवली. तारीख-वार अडला तर सकाळ आहे की संध्याकाळ, ऋतू कोणता, हे विचारायचं. मजल्याऐवजी गाव कोणतं, पोस्ट कोणतं, जिल्हा कोणता. वाक्य लिहिण्याऐवजी तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा. आणि ‘डोळे मिटा’ असं लिहिलेला कागद वाचायला देण्याऐवजी, माझ्या चेहऱ्याकडे बघा आणि मी करतो तसं करा. मग तपासणारा डोळे मिटायचा. १९९५ मध्ये ही हिंदी परीक्षा प्रसिद्ध झाली.

त्याहून मोलाची होती तिची जोडीदार, घरच्यांना विचारायची प्रश्नावली. जेवण झाल्यावर ते विसरून पुन्हा जेवायला मागतात का? सदऱ्याची बटणं नीट लावतात का? निरोप दिला तर पोचवतात का? सणासुदीच्या कामात हात लावतात का? घरात लग्न ठरत असेल तेव्हा मत देतात का? गावात वाट चुकतात का? असे प्रश्न प्रयोगशाळेत सुचत नाहीत. चारपाईवर बसून, बिड्यांच्या धुरात, सुनांशी बोलून ते मिळतात. कुरखेड्यासाठी कुणी अशी यादी केली तर तिच्यात काय काय येईल याचा विचार माझ्या मनात नेहमी येतो. मोह वेचायला पहाटे गेलेली म्हातारी आपल्याच झाडाखाली जाते की दुसऱ्याच्या? आपली भाताची बांधी कुठे संपते ते सांगता येतं का? रोवणीला भाताचे किती पऱ्हे लागतील याचा अंदाज अजून बरोबर येतो का? दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला गेलेला म्हातारा एकटा घरी परततो का?

बल्लभगडचा निष्कर्ष १९९८ मध्ये आला आणि तो चक्रावून टाकणारा होता. पासष्टीपुढच्या माणसांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण अवघं १.३६ टक्के. अमेरिकेतल्या आकड्यांपेक्षा कितीतरी कमी. कुणी हळदीला श्रेय दिलं, कुणी शेतीतल्या मेहनतीला. कुणी म्हणालं, आजार झालेले इथे फार जगतच नाहीत. आजार खरोखर कमी आहे की आपल्याला तो दिसत नाही, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

त्याच वर्षी कोचीला अल्झायमर संघटनांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. भारतातली संघटना डॉ. जेकब रॉय यांच्या पुढाकाराने १९९२ मध्येच केरळात सुरू झालेली. परिषदेनंतर मार्टिन प्रिन्स आणि इतर संशोधकांनी एक गट उभारला आणि त्याला नाव दिलं ‘१०/६६’. स्मृतिभ्रंशाचे ६६ टक्के रुग्ण गरीब देशांत, आणि संशोधनातला १० टक्केही वाटा त्यांच्यावर नाही, हा त्या नावाचा अर्थ. त्यांनी हाताशी जी अवजारं घेतली त्यांतलं एक कॅनडाच्या जंगलातून आलं होतं. मॅनिटोबा प्रांतातल्या क्री आदिवासींत काम करताना हेन्ड्री आणि हॉल यांनी, भाषा आणि शाळा दोन्ही वेगळ्या असलेल्या माणसांना न्याय देईल अशी दोन भागांची मुलाखत तयार केली होती. एक भाग म्हाताऱ्या माणसाशी, दुसरा त्याच्या जवळच्याशी. दोन्ही एकत्र करून निकाल. आदिवासी वस्तीत तयार झालेलं हे साधन पुढे नायजेरियात आणि मग भारतात वापरलं गेलं.

गटाच्या भारतीय केंद्रांत गोवाही होतं. विक्रम पटेल आणि प्रिन्स यांनी तिथे लोकांशी बोलून २००१ मध्ये लिहिलं की स्मृतिभ्रंशाची लक्षणं लोकांना व्यवस्थित ठाऊक आहेत. फक्त ती आजाराची आहेत असं त्यांना वाटत नाही. म्हातारपण आहे, डॉक्टरकडे कशाला न्यायचं? त्रिशूरला के. एस. शाजी यांनी वेगळाच प्रयोग केला. अंगणवाडी सेविकांना त्यांनी काही तासांचं प्रशिक्षण दिलं आणि सांगितलं, तुमच्या भागात असे म्हातारे कोण आहेत ते सांगा. सेविकांनी यादी दिली. तज्ज्ञांनी जाऊन तपासलं तर यादीतले सुमारे दोन तृतीयांश खरोखर स्मृतिभ्रंशाचे निघाले. यंत्र नाही, परीक्षा नाही. गावातल्या बाईला काय बघायचं ते सांगितलं एवढंच. हा निबंध २००२ चा. दाईच्या मण्यांची हकीगत ज्याला माहीत आहे त्याला त्यात नवल वाटणार नाही.

सगळ्यात बोलका आकडा तमिळनाडूतल्या वेल्लोरजवळच्या खेड्यांचा आहे, २००८ चा. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या पुस्तकातले निकष लावले तर तिथे प्रमाण निघालं ०.३ टक्के. अनेक देशांत झालेल्या याच अभ्यासात १०/६६ च्या पद्धतीने मोजल्यावर कुठल्याही केंद्रात प्रमाण ५.६ टक्क्यांखाली आलं नाही. माणसं तीच, घरं तीच. फरक पडला तो एका अटीमुळे. पुस्तकी निकषाला रोजच्या जगण्यात अडचण आलेली दिसावी लागते, आणि ती घरच्यांनी सांगावी लागते. पण म्हाताऱ्याकडून कुणी फारशी अपेक्षाच ठेवत नसेल, सून वाढते, नातू हात धरून नेतो, हिशेब मुलगा बघतो, तर अडचण दिसणार कुठे? प्रेमाने सांभाळणाऱ्या घरात आजार जास्त काळ लपून राहतो. बल्लभगडच्या कोड्याचा काही भाग तरी इथे सुटतो, असं मला वाटतं.

यंत्रं या काळात वेगळ्याच वेगाने धावत होती. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचं सीटी स्कॅन झालं. ते यंत्र बनवणाऱ्या हाउन्सफील्ड यांना त्यासाठी १९७९ चं नोबेल मिळालं. त्याने गाठ दिसायची, रक्तस्राव दिसायचा, आकसलेला मेंदू दिसायचा, अल्झायमरचे डाग दिसत नसत. ते डाग जिवंत माणसात दिसायला २००२ उजाडलं: पिट्सबर्गमध्ये तयार झालेला किरणोत्सारी पदार्थ स्वीडनमधल्या उप्साला इथे पहिल्यांदा माणसाला टोचला गेला. त्यातला कार्बन वीस मिनिटांत निम्मा होतो, म्हणून जवळच सायक्लोट्रॉन हवं. मग फ्लोरिनचा वापर झाला. अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळालेल्या पदार्थात तोच आहे. तो निम्मा व्हायला सुमारे ११० मिनिटं लागतात. कुरखेड्याहून वडसा, ब्रह्मपुरीमार्गे नागपूर साधारण दीडशे किलोमीटर. गाडीने गेलं तरी त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे तो पदार्थ गावाकडे आणणं अवघड, माणसालाच तिकडे जावं लागणार. आणि हजारो रुपये मोजून ज्याला तिकडे न्यायचं त्याला आपण कशासाठी निघालो तेच आठवत नसणार.

इथे गडचिरोलीचा धागा पुन्हा पुढे येतो, तोही वेगळ्या दिशेने. अमेरिकेत शिकलेले मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर कालकोंडे ‘सर्च’मध्ये काम करू लागले. तिकडे त्यांनी स्मृतिभ्रंशाच्याच एका प्रकारावर संशोधन केलं होतं. त्यांच्या अभ्यासात २०११ ते २०१३ या काळात जिल्ह्यातल्या ८६ गावांत झालेल्या प्रत्येक मृत्यूचं कारण घरच्यांना विचारून नोंदवलं गेलं. जंगलातला जिल्हा, मलेरियाचा जिल्हा; लोक कशाने मरत असतील याचा प्रत्येकाचा अंदाज ठरलेला. निघालं भलतंच. एकूण १,५९९ मृत्यूंमध्ये पहिला क्रमांक पक्षाघाताचा होता, दर सातांतला एक. पक्षाघाताने गेलेल्यांतले बहुतेक घरीच गेले. २०१५ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. बालमृत्यूंशी झुंजलेला जिल्हा तोवर म्हातारा होऊ लागला होता आणि रक्तदाबाने त्याला गाठलं होतं.

स्मृतिभ्रंशाशी याचा संबंध जवळचा आहे. मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं चढलेल्या रक्तदाबाने खराब होतात. एखादा मोठा झटका येतो तेव्हा तोंड वाकडं होतं, हात लुळा पडतो, सगळ्यांना कळतं. पण लहान लहान झटके कुणाला न कळता येऊन जातात आणि प्रत्येक वेळी विचारशक्तीचा थोडा भाग घेऊन जातात. या प्रकारात विसरण्याआधी माणूस मंदावतो, कामाचा क्रम चुकतो, पाऊल घासत चालतो. अल्झायमरशी त्याची सरमिसळही होते, आणि म्हातारपणात तर बहुतेकदा दोन्ही एकत्रच सापडतात.

देशाचा नवा हिशेब २०२३ मध्ये मिळाला. २०१७ ते २०२० या काळात देशभरातल्या साठीपुढच्या चार हजारांवर माणसांची सविस्तर तपासणी झाली. घरच्यांची मुलाखत झाली, रक्त घेतलं गेलं आणि डॉक्टरांच्या गटाने त्यांतल्या अनेकांच्या नोंदींवर मत दिलं. प्रमाण निघालं ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. बायकांत जास्त, खेड्यांत जास्त, न शिकलेल्यांत जास्त. बल्लभगडचा दिलासा इथे संपला. एक वेगळी नोंदही इथे करायला हवी. हैदराबादला सुवर्णा अलाडी यांनी ६४८ रुग्णांच्या अभ्यासात दाखवलं होतं की दोन भाषा बोलणाऱ्यांत लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाली, शाळेत न गेलेल्यांतही. घरात गोंडी, बाजारात झाडीबोली, सोयरिकीत छत्तीसगढी बोलणाऱ्या कुरखेडा-कोरचीच्या माणसाला हे लागू पडतं का, ते कुणीतरी बघायला हवं.

आशाच्या फॉर्ममध्ये म्हाताऱ्यांचे प्रश्न आले ते या सगळ्याच्या शेवटी. ते आले हे चांगलंच झालं. पण मुद्दा असा की तो प्रश्न माणसाला स्वतःला विचारलेला आहे. तुम्ही विसरता का? जो विसरतो त्याला आपण विसरतो हे कळेनासं होणं हाच तर आजाराचा भाग आहे. न्यूकॅसलपासून क्री वस्तीपर्यंत आणि बल्लभगडपासून त्रिशूरपर्यंत प्रत्येकाने जे एक शिकून घेतलं, सुनेला विचारा, नवऱ्याला विचारा, ते नेमकं या कागदावर गळलं. शिवाय टोल्यावरच्या माणसाने आपला पत्ता कधी कुणाला सांगितलेलाच नसतो. सगळे त्याला ओळखतात. आणि ज्या टप्प्यावर नवऱ्याचं नाव जातं तो काही सुरुवातीचा टप्पा नव्हे. ऑगस्टे डेटर त्या टप्प्यावर असताना रुग्णालयात पोचली होती. अनुभवी आशा अर्थात कागद बाजूला ठेवून चुलीपाशी बसलेल्या सुनेला विचारत असेल. पण त्या उत्तरासाठी फॉर्मवर चौकोन नाही.

आता नवी गोष्ट आली आहे ती रक्ताची. १६ मे २०२५ रोजी अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी अल्झायमरसाठी पहिली रक्तचाचणी मान्य केली. रक्तातलं टाऊ प्रथिनाचं एक बदललेलं रूप आणि बीटा अमिलॉइड यांचं गुणोत्तर ती काढते. ४९९ जणांच्या नमुन्यांवर तपासलं तेव्हा चाचणीने ‘आहे’ म्हटलेल्यांतल्या जवळपास ९२ टक्क्यांत स्कॅन किंवा पाठीच्या पाण्याची तपासणीही तेच सांगत होती, आणि ‘नाही’ म्हटलेल्यांत सुमारे ९७ टक्क्यांत. काही जणांचा निकाल अधांतरी राहिला. ही चाचणी ५५ वर्षांवरच्या, लक्षणं दिसणाऱ्या माणसांसाठीच आहे. सरसकट सगळ्यांचं रक्त तपासायला नाही. मूत्रपिंड बिघडलं असेल तर टाऊचं प्रमाण त्यामुळेही चढतं. स्वीडनमध्ये गोटेनबर्गचे संशोधक आणखी एक पाऊल पुढे गेले आहेत. बोटाला टोचून काढलेले थेंब कागदावर वाळवायचे आणि पाकिटातून प्रयोगशाळेकडे पाठवायचे. शीतपेटी नको, नागपूरचा प्रवास नको. गडचिरोलीच्या आशाला यात शिकवण्यासारखं काही नाही. मलेरियासाठी ती रोज बोट टोचते, आणि सिकलसेलच्या तपासणीतही या भागात बोटाचंच रक्त घेतात.

पाकीट परत आल्यावर काय, हा प्रश्न उरतो. अमिलॉइड काढणारं लेकानेमॅब अमेरिकेत २०२३ मध्ये मान्य झालं. ते सुरुवातीला दोन आठवड्यांनी एकदा शिरेतून द्यायचं, मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होतो का हे पाहायला मध्ये मध्ये एमआरआय करायचा, आणि एवढं करून आजार थांबत नाही, काहीसा मंदावतो. कुरखेड्यापुरता त्याचा विचार करणं मला आज फोल वाटतं. गोव्यात अमित डायस आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलेली गोष्ट जास्त जवळची आहे. तिसवाडी आणि बार्देशातल्या ८१ कुटुंबांवर तो प्रयोग झाला. त्यांतल्या निम्म्यांच्या घरी साधं प्रशिक्षण घेतलेली सल्लागार जायची. आजार काय आहे ते समजवायची, रात्रीची ओरड कशी हाताळायची ते सांगायची, लागलं तर डॉक्टर गाठून द्यायची. सांभाळणाऱ्या माणसांचं मन त्याने खरोखर हलकं झालं. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, ऐकू न येणं अशी स्मृतिभ्रंशासारखी दिसणारी आणि बरी होऊ शकणारी कारणं शोधायला तर रुग्णालयातल्या साध्या तपासण्या आणि डॉक्टरचा वेळ पुरतो.

आणि त्या वाळलेल्या थेंबात रक्तवाहिन्यांमुळे झालेला स्मृतिभ्रंश दिसत नाही. पक्षाघात ज्या जिल्ह्यात मृत्यूचं पहिलं कारण निघाला, तिथे हे मोठं न्यून आहे. त्या आजाराची सर्वांत लवकरची खूण लक्षणांच्या वीस वर्षं आधी, चाळिशी-पन्नाशीतच, दंडाला पट्टा बांधून दिसते. २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणं मोजली. त्यांत मध्यमवयातला उच्च रक्तदाब आहे, बहिरेपण आहे आणि कमी शाळाही. पट्टा उपकेंद्रात असतो, गोळ्याही स्वस्त आहेत. अवघड आहे ते काहीच दुखत नसलेल्या पन्नाशीतल्या शेतकऱ्याला रोवणीच्या दिवसांत बांधीतून बाहेर काढून गोळी रोज घ्यायला लावणं, आणि हे काम त्याच दहा रुपयांच्या फॉर्मवर आशाकडेच सोपवलेलं आहे.